चौदा वर्षांची फाईल

जन्मठेपेच्या कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या फायलीत स्थानिक पोलीस स्टेशनचा एक रिपोर्ट असतो, आणि असे इतके रिपोर्ट वाचून झालेत की आता मला पहिल्या ओळीवरूनच शेवटची ओळ सांगता येते. 'सदर बंद्यास मुक्त केल्यास परिसरातील शांततेस बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही.' झालं, विषय संपला. माणूस वीस-बावीस वर्षं आत आहे, ज्या घराशी वैर होतं त्या घरातलं कोणी गावात उरलेलं नाही, ज्या बांधावरून कोयता निघाला ती जमीनसुद्धा तिसऱ्यानंच विकत घेतलीय, पण शक्यता काही नाकारता येत नाही. अहो शक्यता कशाचीच नाकारता येत नाही, उद्या हा ब्लॉग वाचता वाचता तुम्ही कुणाचं तरी डोकं फोडाल ही शक्यता तरी मी कशी नाकारू?

मी लीगल एडचं काम करते, त्यामुळं अशा फायली हातातून जात असतात. कोर्टासाठी ड्राफ्ट करताना भाषा सांभाळून लिहावं लागतं, इथं जरा मोकळं लिहिते. दर वेळी कुणीतरी सुटल्याची बातमी आली की त्याच दोन टोळ्या समोरासमोर येतात, एक म्हणते असल्यांना फासावरच द्यायला पाहिजे होतं, दुसरी म्हणते माणूस बदलतो, दया दाखवा. मला दोघांशीही भांडायचंय पण जास्त करून दुसऱ्यांशी, कारण ते माझ्या बाजूचे आहेत आणि तरी मुद्दा चुकीच्या ठिकाणी नेऊन ठेवतात. जन्मठेपेच्या माणसाला लवकर सोडणं ही मेहेरबानी म्हणून वाटायची गोष्टच नको. ठरलेल्या तारखेला फाईल उघडायची, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, हो किंवा नाही सांगायचं आणि का ते सांगायचं, इतकं रुक्ष काम असायला पाहिजे ते. मेहेरबानी म्हटलं की ओळखपाळख येते, निवडणूक येते, हारतुरे येतात, आणि ज्याचं बाहेर कुणी नाही तो आत तसाच पडून राहतो.

आधी तो चौदा वर्षांचा घोळ निस्तरू, कारण याच्याशिवाय पुढचं बोलताच येत नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं असं आपल्याकडं नव्वद टक्के लोक छातीठोकपणे सांगतात, आणि वर जेलमध्ये दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणजे सातच वर्षं हीसुद्धा एक भारी थिअरी फिरत असते. असलं काहीही नाहीये. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. हे कोर्टानं सांगितलं ते गोपाळ गोडसेंच्या केसमध्ये, १९६१ साली. त्यांचं म्हणणं होतं की माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वर्तनाबद्दल आणि कामाबद्दल जेल शिक्षेतून कापतं ते दिवस, धरून माझी शिक्षा भरलीय, मला सोडा, आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जन्मठेप ही उरलेल्या सगळ्या आयुष्याची असते, माफीचे दिवस कितीही जमा झाले तरी सरकारनं शिक्षा कमी केल्याशिवाय आपोआप कुणी सुटत नाही. जुन्या आयपीसीत कलम ५७ मध्ये वीस वर्षं लिहिलं होतं ते फक्त हिशोबापुरतं, म्हणजे एखाद्या गुन्ह्याला जन्मठेपेच्या अर्धी शिक्षा द्यायची तर अर्धी कशाची काढायची, त्याच्यासाठी.

मग चौदा आले कुठून? १९७८ मध्ये सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ४३३-अ हे कलम घातलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय राज्य सरकारला सोडता येणार नाही, माफीचे दिवस यात धरायचे नाहीत. म्हणजे चौदा हा खालचा उंबरा आहे, त्याच्या अलीकडं सरकारनं विचारच करायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. मारू राम केसमध्ये १९८० साली हे कलम कोर्टात टिकलं, पण राष्ट्रपतींचे घटनेच्या कलम ७२ खालचे आणि राज्यपालांचे १६१ खालचे अधिकार त्यानं कमी होत नाहीत हेही तेव्हाच ठरलं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हेच कलम ४७५ नंबरला जाऊन बसलंय. नंबर बदलले, जेलमधले लोक अजून 'चारशेतेहेतीस ए' च म्हणतात.

आणि महाराष्ट्रात चौदा झाले म्हणून कुणी दार उघडत नाही. आपल्याकडं गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणं कॅटेगरी आहेत, कुठल्या कॅटेगरीत बसवलं त्यावर एकूण किती वर्षं भरायची ते ठरतं, वीस, बावीस, चोवीस असं करत काही प्रकारांत थेट तीसपर्यंत, यात मात्र माफीचे दिवस धरतात. जेलमध्ये मुलाखतीला, म्हणजे भेटीला, आलेले लोक हाच प्रश्न विचारतात, मॅडम माझ्या नवऱ्याला कितीची कॅटेगरी लागली? ती कॅटेगरी मंत्रालयात ठरते आणि कधी कधी ती ठरायलाच इतकी वर्षं लागतात की कळवेपर्यंत ती भरूनही गेलेली असते.

आता फाईल प्रत्यक्षात कशी फिरते ते बघा. जेल सुपरिंटेंडेंट माणसाचा सगळा हिशोब काढतो, म्हणजे किती वर्षं आत, किती माफी, पॅरोल-फर्लोवर, म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेवर, किती वेळा गेला, वेळेवर आला का. मग पोलिसांचा अभिप्राय, जिल्हा प्रशासनाचा अभिप्राय, ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या जजचं मत, सल्लागार मंडळ, आणि शेवटी गृह खातं. यातलं जजचं मत हा एक मजेशीर प्रकार आहे. शिक्षा देणारे साहेब कधीच रिटायर झालेले असतात, आता त्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं कैद्याला जन्मात बघितलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त जुनं जजमेंट असतं आणि त्यात गुन्हा किती भयंकर ते लिहिलेलं असतं, मग ते साहेब पण तेच लिहितात, की गुन्हा गंभीर आहे सबब शिफारस नाही. अहो गंभीर होता म्हणून तर जन्मठेप झाली! २०२२ मध्ये छत्तीसगडच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाला स्पष्ट सांगावं लागलं की जजनं मत देताना कारणं द्यायला पाहिजेत, नुसती रबरस्टँप ओळ चालणार नाही.

खरं तर विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. लक्ष्मण नस्कर केसमध्ये २००० सालीच ते सांगून झालेत: गुन्हा त्या माणसापुरता होता की सगळ्या समाजाला हादरवणारा, पुन्हा करण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची ताकद आता राहिलीय का, अजून आत ठेवून काही साधणार आहे का, आणि घरची परिस्थिती कशी आहे. पाचातला एकच प्रश्न मागं बघतो आणि बाकीचे चार आजकडं बघतात. पण फायलीतले कागद बघितले तर उलटं, सगळा मजकूर त्या एका रात्रीबद्दल आणि नंतरच्या वीस वर्षांबद्दल एक ओळ, 'कारागृहातील वर्तन समाधानकारक'. २०२३ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात कोर्टानं हेच म्हटलं की फक्त पोलिसांच्या आणि जजच्या रिपोर्टवर डोळे मिटून जाऊ नका, मधल्या काळात माणसाचं काय झालं ते बघा.

मधल्या काळात काय झालं ते कळायला जेलमध्ये एक चीज असते, हिस्ट्री तिकीट. आत आल्यापासूनची नोंद, बऱ्याचदा शिलाई उसवलेली, कोपरे दुमडलेले. एका माणसाचं मी बघत होते. पहिल्या पानांवर सगळीकडं अंगठा. मग एका वर्षापासून एकदम सही, तीही सुरुवातीला पाटीवर गिरवल्यासारखी सुट्या अक्षरांची, पुढं पुढं लपेटीदार. कामाच्या रकान्यात आधी शेती, मग विणकाम, मग शाळेत मदतनीस. म्हणजे जो अंगठा लावत आला होता तो आता नव्या आलेल्यांना अक्षरं शिकवत होता. आणि मध्येच कुठंतरी एक ओळ लाल पेनानं: झडतीत तंबाखूची पुडी सापडली, माफी कापली. फाईल वर गेली तेव्हा नकाराच्या पत्रात कशाचा उल्लेख होता सांगा बघू? सह्यांचा नव्हता. 'बंद्याने कारागृहीन अपराध केलेला आहे.' एक पुडी! तीही कितीतरी वर्षांपूर्वीची.

यात दुसरी बाजू पण आहे आणि ती मी लपवणार नाही. चांगलं वर्तन हा शब्दशः पुरावा धरला तरी तो तोकडाच आहे. जेलमध्ये शांत राहिला म्हणजे सुधारला असं होत नाही, काही लोक मुळात व्यवहारी असतात, आत कसं राहायचं ते त्यांना बरोबर कळतं, आणि ज्याच्याकडं पैसा आहे त्याचं हिस्ट्री तिकीट अगदी स्वच्छ असतं कारण त्याला पुडी सापडेल अशी ठेवावीच लागत नाही. उलट पोरवयात आत आलेला, डोकं तापट, पहिली चार-पाच वर्षं भांडणं करणारा आणि मग हळूहळू निवळलेला माणूस, त्याचं रेकॉर्ड घाण दिसतं आणि बदल मात्र त्याच्यातच जास्त झालेला असतो. म्हणून मला वाटतं बेरीज-वजाबाकीपेक्षा चढ कुठल्या दिशेला आहे ते बघावं. त्यासाठी कुणीतरी त्या माणसाला समोर बसवून बोलायला पाहिजे. आपल्या सगळ्या प्रक्रियेत हे कुठंच होईल याची खात्री नाही, फाईल सगळीकडं फिरून येते आणि माणूस बराकीत बसलेला असतो.

मेहेरबानी म्हटली की काय होतं ते बघायचं तर १५ ऑगस्ट २०२२ ला गोध्रा सब-जेलच्या बाहेर काय झालं ते आठवा. बिल्किस बानोच्या केसमधले अकरा जन्मठेपवाले बाहेर आले, त्यांना हार घातले, पेढे भरवले. २००२ मध्ये पाच महिन्यांची गरोदर असताना तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता, तिच्या तीन वर्षांच्या मुलीसकट घरातल्या चौदा जणांना मारलं होतं. केस गुजरातमध्ये नीट चालणार नाही म्हणून मुंबईत चालवली होती. २०२२ मध्येच केंद्रानं अमृतमहोत्सवाच्या नावानं कैदी सोडायच्या सूचना काढल्या होत्या त्यात बलात्काराचे आणि जन्मठेपेचे कैदी वगळलेले होते, पण यांच्यासाठी गुजरातचं १९९२ चं जुनं धोरण काढलं. मुंबईच्या विशेष जजनं आणि सीबीआयनं विरोध केला होता. शिवाय शिक्षेच्या काळात त्यातले दहा जण पॅरोल, फर्लो, तात्पुरता जामीन मिळून प्रत्येकी हजारावर दिवस बाहेरच होते. ज्या बाईवर हे सगळं गुदरलं तिला कुणी विचारलंही नाही, तिला थेट सुटकेचीच बातमी कळली.

८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती सुटका रद्द केली, मुख्य कारण अगदी साधं कायद्याचं, की शिक्षा महाराष्ट्रातल्या कोर्टानं दिली म्हणजे निर्णय महाराष्ट्र सरकारनं घ्यायचा होता, गुजरातला अधिकारच नव्हता. आणि २१ जानेवारीच्या रात्री ते अकराही परत आत गेले. त्या दिवसांत माझ्या ओळखीचे चांगले समजूतदार लोक म्हणायला लागले की हे माफी प्रकरणच बंद करा. मला तेव्हा सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. अकरा जणांना वशिल्यानं सोडलं, त्याची किंमत कोण मोजणार, तर लाल पेनाची ओळ असलेला तो मास्तर. त्याच्यानंतर कितीतरी दिवस कुठलाही अधिकारी अशा फायलीवर सही करायला धजावत नव्हता, उगाच आपल्या गळ्यात कशाला.

याच्या उलट टोकाला केरळचे एक आजोबा. सदुसष्ट वर्षांचे, सव्वीस वर्षांवर आत, सल्लागार मंडळानं एकदा नाही तर पुन्हा पुन्हा शिफारस केलेली आणि दर वेळी सरकारनं नाही म्हटलेलं. कारण काय तर खून बाईचा होता, आणि नंतर आलेल्या धोरणात असे गुन्हे वगळले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. त्यांच्या सुटकेला हार घेऊन कोण आलं असेल असं वाटत नाही.

राजीव गांधी हत्येच्या केसमधल्या पेरारिवलनचं नाव पण येणारच. १९९१ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना पकडलेला, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्या हा आरोप, फाशी, मग २०१४ मध्ये फाशीची जन्मठेप, मग तमिळनाडू मंत्रिमंडळाची शिफारस राज्यपालांकडं वर्षानुवर्षं पडून, आणि शेवटी १८ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं घटनेच्या कलम १४२ खालचा स्वतःचा विशेष अधिकार वापरून सोडला. एकतीस वर्षं. या केसचं राजकारण काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यात खटकतं ते एवढंच की कुणी हो म्हणत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही, फाईल नुसती या टेबलावरून त्या टेबलावर. नाही म्हटलं असतं तर निदान कोर्टात जाता आलं असतं.

बरं हे फक्त आपल्याकडंच असं नाही. कॅलिफोर्नियात लेस्ली व्हॅन हाउटन नावाच्या बाईला, खुनांसाठी कुप्रसिद्ध मॅन्सन टोळीतली ती, पॅरोल बोर्डानं (तिथं पॅरोल म्हणजे रजा नाही, अटींवर मुदतपूर्व सुटका) २०१६ पासून पाचदा सोडा म्हटलं आणि पाचही वेळा गव्हर्नरनं हाणून पाडलं, एक नाही दोन वेगवेगळ्या गव्हर्नरांनी. शेवटी कोर्टामुळं २०२३ मध्ये ती सुटली, तेव्हा पन्नासच्या वर वर्षं झाली होती. निवडून येणाऱ्या माणसाच्या हातात ही सही ठेवली की असंच होणार, त्याला सोडण्यात फायदा काही नाही आणि शंभरातला एक जरी उलटला तरी त्याची खुर्ची गेली.

आणि तो शंभरातला एक, त्याच्याबद्दल आकडे आहेत. अमेरिकेत अल्पवयात गुन्हा केलेल्यांना पॅरोलशिवाय सक्तीची जन्मठेप द्यायची नाही असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये ते जुन्या कैद्यांनाही लागू केलं. त्यानंतर फिलाडेल्फियात सुटलेल्या १७४ जणांचा मागोवा एका अभ्यासात घेतला, त्यातल्या दोघांना नव्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. मेरीलँडमध्ये २०१२ च्या एका निकालानंतर, ज्युरीला चुकीच्या सूचना दिल्या होत्या म्हणून, दोनशेच्या आसपास म्हातारे जन्मठेपवाले सुटले, सरासरी चाळीस वर्षं आत काढलेले, त्यातलेही परत आत गेलेले अगदी मोजके. हे काही चमत्कार नाहीत. गुन्हा, त्यातल्या त्यात मारामारीचा आणि खुनाचा, हा मुख्यतः तरुण पुरुषांचा उद्योग आहे, पन्नाशी-साठी आली की रक्त आपोआप थंड होतं. भुरट्या चोऱ्या करणारा परत परत आत येतो, खुनाच्या गुन्ह्यात वीस वर्षं काढून आलेला सहसा येत नाही, हे कुठलाही जुना वॉर्डर सांगेल तुम्हाला.

त्या २०१६ च्या निकालाला ज्याचं नाव आहे तो हेन्री मॉन्टगोमेरी. १९६३ मध्ये सतराव्या वर्षी एका पोलिसाला मारलं म्हणून आत गेला. त्याच्या केसमुळं शेकडो लोक सुटले आणि तो स्वतः मात्र आतच, कारण पॅरोल बोर्डानं त्याला दोनदा नाकारलं. २०२१ मध्ये सुटला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवलाय. पोर्तुगालनं जन्मठेपच १८८४ मध्ये काढून टाकली. जर्मनीच्या घटना न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की जन्मठेप असली तरी माणसाला पुन्हा मोकळं होण्याची खरीखुरी संधी असायला पाहिजे. नॉर्वेत साधारण कमाल शिक्षा एकवीस वर्षं, पण धोकादायक माणसासाठी वेगळा प्रकार आहे त्यात मुदत वाढवत नेता येते. आणि २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं ब्रिटनला सांगितलं की ज्या शिक्षेचा कधीच फेरविचार होणार नाही ती शिक्षा अमानुष आहे. लक्षात घ्या, सोडाच असं कुणी म्हटलेलं नाही. बघा म्हटलंय, एकदा तरी फाईल उघडून बघा.

आपल्याकडं मात्र २००८ पासून उलटा प्रवाह पण आहे. स्वामी श्रद्धानंद केसपासून कोर्ट फाशी टाळताना म्हणायला लागलं की तीस वर्षं माफी नाही, किंवा मरेपर्यंत माफी नाही, आणि २०१५ मध्ये घटनापीठानं त्याला मान्यता दिली. फाशी टळते हे चांगलंच. पण आज पंचवीस वर्षांचा असलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी कसा असेल ते आजच ठरवून टाकायचं हे मला पटत नाही. टोळीवाले, साक्षीदारांना धमकावणारे, बाहेर अजून ज्यांची माणसं आहेत, अशांना सोडू नका, जरूर सोडू नका, पण ते त्या वेळी त्या वेळचे कागद बघून ठरवा ना.

आता दया. मी तिच्या विरोधात आहे असं वाटत असेल तर तसं नाही. रानी मारिया नावाच्या सिस्टर होत्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागात सावकारीत अडकलेल्या गरीब लोकांमध्ये काम करायच्या, फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, २००२ मध्ये जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मग घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, सह्या दिल्या आणि २००६ मध्ये तो सुटला, चौदा वर्षं व्हायच्या आत. हे वाचून कुणाचे डोळे भरून येणार नाहीत! पण म्हणूनच मला भीती वाटते. ती राखी त्या बहिणीची स्वतःची होती, तिनं बांधली म्हणून दुसऱ्या कुठल्या आईला, बहिणीला, 'तुम्ही का नाही माफ करत' असं विचारायचा हक्क कुणाला मिळत नाही. आणि ज्या कैद्याच्या वाट्याला अशी बहीण आली नाही त्यानं काय करायचं? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी कळवा, त्याचं ऐकून घ्या, त्याला धोका असेल तर सुटलेल्या माणसावर त्या तालुक्यात न जाण्याची अट घाला, हे सगळं झालंच पाहिजे. पण सोडायचं की नाही याचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकू नका. क्षमा न करण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे, आणि त्यानं क्षमा केली नाही तरी सरकारला आपलं काम करता आलं पाहिजे.

सुधारणा म्हणजे काय असतं हे बघायला परदेशात जायची गरज नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश माणसाची कल्पना आणि राजेसाहेबांची परवानगी. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करायची, कुटुंब जवळ ठेवायचं. यावरून पुढं 'दो आँखें बारह हाथ' हा गाजलेला सिनेमा निघाला हे सगळ्यांना माहीत असतं, ती वसाहत खरी होती हे बऱ्याच जणांना नसतं. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या शिबिरात कैदी बायकापोरांसोबत राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, कमावतात, हजेरीला परत येतात. पळायचं असेल तर रोज पळता येईल. अशा ठिकाणी चार-पाच वर्षं नीट राहिलेल्या माणसाबद्दल जो पुरावा मिळतो तो बराकीतल्या वीस वर्षांच्या 'समाधानकारक'मधून मिळत नाही, आणि तरी आपण खुली जेलं कमीच ठेवतो आणि त्यातल्या जागाही पूर्ण भरत नाही.

सुटल्यावरचं तर विचारूच नका. एक जण सुटून बहिणीकडं राहायला आला होता, त्याची बहीण मला सांगत होती की दादाला अंधारात झोपच लागत नाही. बराकीत रात्रभर दिवे चालू असतात, त्याला वीस वर्षांची ती सवय, आणि यांची दोन खोल्यांची जागा, पोरांना दिवा चालू असला की झोप येत नाही. मग तो पॅसेजमध्ये ट्यूबलाइटखाली अंथरूण टाकायचा. संध्याकाळ व्हायला लागली की त्याची चुळबुळ सुरू, बंदीची वेळ झाली ना, आत जायला पाहिजे. मोबाईल, आधार, बँकेचं केवायसी, यातलं एकही त्यानं आत जाताना बघितलेलं नव्हतं. जेलच्या मजुरीचे पैसे हातात होते पण ते टाकायला खातं नाही, खात्याला पत्त्याचा पुरावा नाही, आणि गेल्या वीस वर्षांचा त्याचा पत्ता कोणता ते फॉर्मवर लिहायचं कसं? कामाला लागला तिथं कुणीतरी नाव गुगल केलं, चौथ्या दिवशी येऊ नको म्हणाले. सोडण्याची ऑर्डर एका पानाची होती, पुढं काय याचं अर्धं पानसुद्धा कुणी दिलं नाही. पुनर्वसन म्हणतात ते त्या बहिणीनं तिच्या दोन खोल्यांत केलं.

ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवते. १८ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्या राज्यात धोरण आहे तिथं माणूस पात्र झाला की सरकारनं स्वतःहून त्याची फाईल घ्यायची, अर्जाची वाट बघायची नाही, आणि नाकारलं तर कारणं लिहून त्याला कळवायची. तेव्हा मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: कॅटेगरी लागली का, कितीची, आणि प्रस्ताव कुठल्या तारखेला वर गेला. नकार आला असेल तर त्याची कॉपी घ्या, तोंडी सांगितलेलं धरू नका. त्या कॉपीवरच हायकोर्टात जाता येतं, आणि जो कस्टडीत आहे त्याला कमाई न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला तर देऊ नका, लागत नाही.